मयत डॉक्टरांचा हयातीचा दाखला

दर वर्षी दिवाळी सरली की मला मी जिवंत आहे हे सिद्ध करावं लागतं. आमचे मालक बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात त्यांची हयात गेली आणि त्यांच्या माघारी मला पेन्शन लागली. ती बंद पडू नये म्हणून भोकरदनला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा. मी तिथं स्वतःच्या पायानं जाते, रांगेत घुसणाऱ्या बाईशी भांडते, पंखा लावा म्हणून ओरडते. तरी खुर्चीवरचा साहेब मान हलवतो.

"आजी, अंगठा उमटून न्हाई राह्यला."

उमटणार कसा? जन्मभर कापूस वेचला, राखेनं भांडी घासली. अंगठ्याच्या रेघा कधीच झिजल्या. मग तो मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतो.

"आजी, डोळे मिचकावा."

मी मिचकावते.

"असे न्हाई, बराबर मिचकावा. मशीनला कळलं पायजे."

तरुणपणी परक्या माणसाला डोळे मिचकावून दाखवले असते तर सासूनं माहेरी पाठवलं असतं. आता सरकारनंच सांगितलं म्हटल्यावर मी मिचकावते. मशीनची खात्री पटते आणि मी आणखी एक वर्ष जिवंत राहते.

माझं दुखणं वेगळंच आहे. ज्या तीन वर्षांत मी तीनदा डोळे मिचकावले, त्याच तीन वर्षांत आमच्या गावचे डॉक्टर मेलेले असून सरकारदरबारी जिवंत होते, आणि त्यांना एकदाही रांगेत उभं राहावं लागलं नाही.

आमचं गाव केदारखेड्यापासून जवळच. डॉक्टर जालन्याचे, मस्तगडला त्यांचं घर. गावात दवाखाना टाकून त्यांना तीस वर्षं झाली होती. स्वभावानं खवट माणूस. ताप आला म्हणून गेलं तर आधी ते आपल्यालाच चार शब्द ऐकवायचे, मग दोन गोळ्या हातावर ठेवून म्हणायचे, "भाकर खा, झोप काढ, परवा ये." सुई द्यायला मागत नसत. त्यामुळं गावात त्यांचं नाव फारसं चांगलं नव्हतं. सुई न देणारा डॉक्टर म्हणजे लोकांना अर्धवट शिकलेला वाटायचा.

ते जालन्याला घरीच वारले. आम्ही गाव मिळून दोन जीप करून मातीला गेलो. तेराव्यालाही गेलो. मी बुंदी दोनदा घेतली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं या बुंदीचा पुराव्यात उपयोग होईल असं मला वाटलं होतं. त्यांचा एकुलता मुलगा परदेशातून आला होता, तो घराला कुलूप लावून परत गेला.

पुढच्या सोमवारी कंपाउंडरनं दवाखान्याचं शटर उघडलं. आम्हाला वाटलं, सामान आवरायला आला असेल. त्यानं बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला. बोर्डावर डॉक्टरांचं नाव, डिग्री, खाली नोंदणी नंबर आणि दवाखान्याचा मोबाइल नंबर. मोबाइल आधीपासून कंपाउंडरच्याच खिशात असायचा. मग त्यानं डॉक्टरांची खुर्ची थोडी पुढं ओढली आणि बसला.

महिनाभरात लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले. मीही म्हटलं. खोटं कशाला बोलू? तो गोड बोलायचा, सुई भरपूर द्यायचा, सलाइन लावायचा. गर्दी दुप्पट झाली. जिवंत असताना डॉक्टरांचा दवाखाना कधी एवढा चालला नव्हता.

दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला ताप आला. आमच्या दोघींच्या घरामध्ये एकच भिंत. तिच्याशी माझं चाळीस वर्षांत फारसं पटलेलं नाही आणि तिच्याशिवाय मला करमतही नाही. कंपाउंडरनं तिला कमरेत सुई दिली. ती ओरडली. तो म्हणाला, "औषध लागू पडून राह्यलंय, काकू." ती उठायला गेली तर डावं पाऊल उचलेना. जालन्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सुई नसेत गेली, पाय आता असाच राहील. त्यांनी आधीच्या डॉक्टरांचा कागद मागितला. कागदावर नाव मयत डॉक्टरांचं.

जाऊ तेव्हापासून पाय ओढत चालते. डाव्या पायातली चप्पल दर चार पावलांनी मागं राहते. ती रडली नाही. तिनं मला एकच सांगितलं.

"आक्का, माझं झालं ते झालं. पण सूनबाईला दिवस गेलेत अन् माझा पोरगा तिला त्याच्याकडंच नेऊन राह्यला. मी बोलले तं म्हणतो, आई, एखादी सुई चुकती माणसाची. तिला एक जरी सुई दिली त्यानं, मी काय करू?"

"पोराला सांग, तो डॉक्टर न्हाई म्हून."

"सांगितलं. तो म्हणतो, बोर्डावर नंबर हाय."

आता या नंबरापायी आम्ही दोघी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबानं संगणकात पाहिलं आणि आमच्याकडं पाहिलं. "यादीत नाव हाय, नंबर बराबर हाय. डॉक्टर चालू हायेत."

"साहेब, ते मेले."

"तसं मंडळानं लिहून द्यायला पाहिजे. मंडळाच्या यादीत नाव हाय तोवर आम्हाला हात लावता येत न्हाई."

मंडळ म्हटलं की मला गणपतीचं मंडळ आठवतं. त्यांचा अध्यक्ष कोण, ते निदान फळ्यावर लिहिलेलं असतं. हे मंडळ मुंबईला होतं. राज्यातल्या सगळ्या डॉक्टरांची नावं त्यांच्या वहीत, आणि वहीत नाव असेल तो डॉक्टर. माझी नात भोकरदनच्या कॉलेजात शिकते. तिनं माझ्या नावानं मोबाइलवरून तक्रार लिहिली. मी चौथी शिकलेली आहे, वाचून मगच पाठव म्हटलं. तक्रार साधी होती. बोर्डावरचा डॉक्टर मेलेला आहे, सुई देणारा कंपाउंडर आहे, तपास करा.

मंडळानं तपास केला. म्हणजे डॉक्टरांना नोटीस पाठवली. नोटीस दवाखान्याच्या पत्त्यावर आली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवसांत उत्तर दिलं. उपचार योग्य होते, तक्रारदार बाई अडाणी असून शेजारच्या भांडणापोटी तक्रार करतात, असं त्यांचं म्हणणं. खाली सही. जिवंतपणी डॉक्टरांची सही म्हणजे एक आडवी रेघ असायची. मेल्यावर ते पूर्ण नाव लिहायला लागले होते, काना-मात्रेसकट.

सूनबाईला चौथा महिना लागला.

तेवढ्यात नातीनं बातमी आणली की मंडळाचा कारभार सुधारणार आहे. म्हणे बऱ्याच वर्षांत तिथं निवडणूकच नव्हती, कोणी एक साहेब एकटाच गाडा हाकत होता. आता नवीन सभासद येणार, वही सगळ्यांना मोबाइलवर बघता येणार, कारभार पारदर्शक होणार. वहीतली जुनी, मेलेली, परदेशी गेलेली नावं काढण्यासाठी प्रत्येक डॉक्टरची पडताळणी होणार. मी म्हटलं, आता सुटलो. जाऊबाईनं मारुतीला नारळ फोडला.

पडताळणी अशी होती की मंडळाकडून डॉक्टरच्या मोबाइलवर सहा आकडे यायचे. ते आकडे परत मंडळाला कळवले की डॉक्टर हयात. आमच्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर वहीत तोच होता, जो बोर्डावर होता आणि कंपाउंडरच्या खिशात होता.

नातीनं मोबाइल पुढं केला. डॉक्टरांच्या नावापुढं हिरवी खूण आली होती. 'हयात व कार्यरत. पडताळणी पूर्ण.'

"आजी," ती म्हणाली, "आधी ते नुसते जिवंत होते. आता खात्रीनं जिवंत झालेत."

जाऊबाईनं तो मोबाइल हातात घेतला, उलटा करून पाहिला. "ह्यांना डोळे न्हाई मिचकवाय लावले?"

"डॉक्टर लोकांना न्हाई लावत."

"काहून?"

मी तिच्या हातातला मोबाइल घेऊन नातीला परत दिला.

मग आणखी एक सुधारणा आली. मंडळ आता जिल्ह्याजिल्ह्यात येऊन उघड्यावर सुनावणी घेणार होतं. उघड्यावर म्हणजे दार उघडं ठेवून. आम्हाला जालन्याचं बोलावणं आलं. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो. जाऊबाईची चप्पल स्टँडवर दोनदा मागं राहिली. दोन्ही वेळा मीच उचलून आणली आणि दोन्ही वेळा तिला बोलले.

टेबलामागं तीन डॉक्टर आणि एक म्हातारी बाई बसली होती. बाई डॉक्टर नव्हती, निवृत्त शिक्षिका होती. सामान्य लोकांचा माणूस म्हणून नव्या नियमानं तिला घेतलं होतं. तिची खुर्ची बाकीच्यांपेक्षा बुटकी होती. मधले साहेब अध्यक्ष. त्यांच्या बाजूला एक कारकून कागद घेऊन उभा.

"तुमचं म्हणणं की डॉक्टर मयत आहेत," अध्यक्ष म्हणाले. "पुरावा काय?"

"मी मातीला गेल्ते. तेराव्याला जेवून आले. बुंदी होती."

"आजी, बुंदी हा पुरावा होत नाही. मृत्यूचा दाखला आहे?"

"तो त्यांच्या घरच्यांकडं. पोरगा परदेशात, घराला कुलूप."

"मग अडचण आहे. वहीतलं नाव कमी करायला स्वतः डॉक्टरांचा किंवा त्यांच्या वारसाचा अर्ज लागतो."

"मेलेल्या माणसानं अर्ज करायचा का?"

"स्वतःचा किंवा वारसाचा," त्यांनी पुन्हा सांगितलं. मला ऐकू कमी येतं असं त्यांना वाटलं असावं.

"बरं, आज बोलावलं होतं ना त्यांना? आलेत का?"

अध्यक्षांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं एक कागद काढून वाचला. "डॉक्टरांनी कळवलं आहे की प्रकृती ठीक नसल्यामुळे ते हजर राहू शकत नाहीत."

जाऊबाई एकदम हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "आक्का, एवढं तं बिलकुल खरं लिव्हलं मेल्यानं!"

"शांतता ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

मला मात्र हसू आलं नाही. मी उभी राहिले. "साहेब, मी मैलकुल्याची बायको. माझी पेन्शन ती केवढी. तेवढ्यासाठी दर वर्षी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते. अंगठा देते. अंगठा न्हाई उमटला तं डोळे मिचकावते. माझ्या हातानं कोणाचा जीव जात न्हाई. तुमचे डॉक्टर सुया टोचतात, त्यांना एकदा वर्षातून समोर येऊन उभं राह्यला सांगायला काय हरकत हाय?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आजी, डॉक्टरांना असं रांगेत उभं करणं त्यांच्या प्रतिष्ठेला बरं दिसत नाही."

"आम्हाला बरं दिसतं का?"

अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. शिक्षिकाबाई मात्र वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "डॉक्टर वारले कुठं?"

"इथंच. मस्तगडला, घरी."

"म्हणजे नोंद इथल्या महापालिकेत असणार. ते कार्यालय इथून किती लांब आहे हो?"

कारकून म्हणाला, "चालत दहा मिनिटं."

"मग कोणी जाऊन पाहिलं का?"

तिन्ही डॉक्टर एकमेकांकडं पाहायला लागले. तीन महिने फाइल मुंबईहून जालन्याला आणि जालन्याहून मुंबईला फिरली, पण दहा मिनिटं चालायची सूचना तिच्यात कुठंच नव्हती. बाईनं कारकुनाला पाठवलं. आम्हाला चहा आला. दुसरा चहा संपायच्या आत कारकून दाखल्याची नक्कल घेऊन परत आला. तारीख, वार, कारण, सगळं बरोबर. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला आणि आम्हाला म्हणाले, "निर्णय टपालानं कळवू."

निर्णय यायला महिना लागला. सूनबाईला सहावा संपत आला होता. दारात पोस्टमन दिसताच जाऊबाई पाय ओढत भिंतीपाशी आली. नातीनं पत्र फोडून मोठ्यानं वाचलं. भाषा जड होती. शेवटची ओळ अशी: 'संबंधित नोंदणीकृत व्यावसायिक मयत असल्याचे निष्पन्न झाल्याने त्यांच्याविरुद्धची तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

"निकाल लागला!" जाऊबाई ओरडली. नात काही बोलायच्या आत तिनं डब्यातली साखर ताटलीत काढली आणि आळीत वाटायला निघाली. चार घरं झाली. पाचव्या घरी तिला पेढा मिळाला. कंपाउंडरकडून आला होता. त्याच्याकडंही तसंच पत्र पोचलं होतं आणि निकाली शब्दाचा अर्थ त्याला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

ती परत आली तेव्हा ताटलीत साखर होती आणि हातात पेढा. "आक्का, हे काय झालं गं?"

नातीनं समजावून सांगितलं. निकाली काढली म्हणजे संपवली. डॉक्टर मेले म्हणून त्यांच्यावरची तक्रारही मेली. कंपाउंडरचं नाव मंडळाच्या वहीत कधी नव्हतंच, म्हणून त्याच्याशी मंडळाचा संबंध नाही.

"म्हंजे आपण इतके दिवस त्यांना मारायला भांडलो, अन् मेले म्हून आपणच हरलो?"

"असंच दिसतंय."

जाऊबाईनं तो पेढा उंबऱ्यावर ठेवला. मुंग्यांनीही लवकर हात लावला नाही.

दुपारी मी ते पत्र पुन्हा घेऊन बसले. बोटानं एकेक अक्षर वाचलं, चौथीत वाचायचे तसं. मंडळाचं नाव, शिक्का, सही, बोर्डावरचा तोच नोंदणी नंबर, आणि त्याच्यापुढं 'मयत'. इतके दिवस मी हाच कागद मागत होते. फक्त त्यांनी तो दुसऱ्या कामासाठी पाठवला होता.

मी केदारखेड्याला जाऊन पत्राच्या वीस झेरॉक्स काढल्या. एक नातीच्या हाती तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात पाठवली. घरी कणकेची खळ शिजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी स्टुलावर चढले, जाऊबाईनं स्टूल धरलं, आणि बरोबर त्या नंबरावर एक कागद चिकटवला. बाकीचे पारावर, दुकानावर, गिरणीत.

लोक जमले. त्यांनी सांगितलं म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या गल्लीतले एक म्हातारे पुढं आले.

"म्हंजे डॉक्टर वारले?"

"भाऊजी, तुम्ही खांदा दिला होता त्यांना."

"ते तं दिला. पण कागदावर आज आलं ना."

मी त्यांच्यावर चिडले नाही. मीही तर कंपाउंडरला डॉक्टर म्हटलं होतं.

कंपाउंडर आला. कागद पाहून त्याचा चेहरा उतरला. खळ वाळली होती, नखानं निघेना.

"मावशी, हे काय करून राह्यल्या तुम्ही? तक्रार निकाली निघाली ना?"

"निघाली की. तेच लावलंय."

"माझी बदनामी होऊन राह्यली ह्याच्यानं."

"तुझं नाव कुठं हाय त्याच्यात? तुला खटकत असंल तं हा बोर्ड काढ अन् तुझ्या नावाचा लाव. नंबरासकट."

त्यानं कागदाला पुन्हा नख घातलं. जाऊबाईचा पोरगा गर्दीत मागं उभा होता. आईकडं त्यानं पाहिलं नाही. पण त्या दिवशी बायकोला दवाखान्यात घेऊन यायचा होता, तो एकटाच घरी परत गेला.

चार दिवसांनी तालुक्याचे साहेब गाडी घेऊन आले. आता त्यांच्याकडं कागद होता, म्हणून त्यांना हात लावता आला. शटरला सील लागलं. कंपाउंडर दुसऱ्या तालुक्यात गेला असं म्हणतात. तिथं कुणाचा बोर्ड आहे ते मला माहीत नाही.

आरोग्य उपकेंद्रात एक नवीन पोरसवदा डॉक्टरीणबाई आली. सूनबाईला सातवा लागला होता. जाऊबाईनं तिला आत नेलं, पण खाटेवर झोपू देईना.

"बाई, राग मानू नका. आधी तुमचा हयातीचा दाखला दाखवा."

डॉक्टरीणबाई गोंधळली. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली, नंबर सांगितला, नातीनं मोबाइलवर मंडळाची वही उघडली. डॉक्टरीणबाईचं नाव होतं. पुढं खूण नव्हती. लिहिलं होतं, 'पडताळणी प्रलंबित'.

"आठ महिने झाले अर्ज करून," ती म्हणाली. "दोनदा मुंबईला स्वतः जाऊन आले."

जाऊबाईनं माझ्याकडं पाहिलं. सूनबाई पोटावर हात ठेवून उभी होती. डॉक्टरीणबाईनं सुईच्या ट्रेला हातही लावला नव्हता. ती खाली वाकून जावेच्या ओढत्या पायाकडं बघत होती आणि पाऊल कधीपासून असं आहे विचारत होती. कुणी तिला तो दाखवला नव्हता.

"आक्का, काय करू?"

मी डॉक्टरीणबाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"झोपव तिला," मी म्हटलं. "डोळे मिचकावून राह्यली. हयात हाय."